दृश्यापासून नोंदीपर्यंत : महाजालीय नकाशांतील अहवाल व विदा-निर्यात यांचा इतिहास

प्रस्तावना :
नकाशा हे पाहण्याचे साधन आहे, तसेच ते पुराव्याचेही साधन आहे. अभ्यासकाला नकाशावरील ठिपका पाहून भागत नाही. त्या ठिपक्यामागील नोंद त्याला तपासावयाची असते. महाजालावरील नकाशांचा इतिहास बहुधा त्यांच्या वाढत्या वेगाचा व देखणेपणाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत लेखात तो वेगळ्या अंगाने मांडला आहे. नकाशातून अहवाल मिळविण्याची आणि मूळ विदा, म्हणजेच डेटा, आपल्या संगणकावर उतरवून घेण्याची सोय कशी आली व तिचे महत्त्व काय, हा येथील विवेचनाचा विषय आहे.

यादी आधी, नकाशा नंतर :
१८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ उसळली. डॉ. जॉन स्नो यांनी प्रथम नकाशा काढला नाही. त्यांनी निबंधक कार्यालयातून २ सप्टेंबर रोजी संपलेल्या आठवड्यातील मृत्यूंची यादी मिळविली. तीन उपविभागांत ८९ मृत्यू नोंदलेले होते. त्या यादीच्या आधारे चौकशी करून त्यांनी ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाविषयीचा आपला संशय पक्का केला. त्यांचा विख्यात नकाशा त्यानंतरचा. नोंदी हाती आल्या नसत्या तर नकाशाही झाला नसता, हा क्रम पुढील विवेचनासाठी महत्त्वाचा आहे.

चित्ररूप नकाशांचा काळ :
जून १९९३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात स्टीव्ह पुट्झ यांनी महाजालावरील आरंभीचा परस्परसंवादी नकाशा उपलब्ध करून दिला. वाचकाने मागणी करावी आणि सर्व्हरने नवे चित्र पाठवावे, अशी त्याची रीत होती. वाचकाच्या हाती चित्र येई. नोंदी मात्र सर्व्हरकडेच राहत.

१९९० च्या दशकाच्या मध्यात मिनेसोटा विद्यापीठात विकसित झालेल्या 'मॅपसर्व्हर' या आज्ञावलीने पुढचे पाऊल टाकले. नकाशावर प्रश्न विचारता येई आणि उत्तर ठरावीक साच्यात भरून तक्त्याच्या रूपाने मिळे. आजच्या अहवाल-सुविधेचे हे प्राथमिक रूप होय.

दोन मानके, दोन दृष्टी :
ओपन जीआयएस कन्सॉर्शियमने २००० मध्ये डब्ल्यूएमएस हे मानक प्रसिद्ध केले. त्यानुसार नकाशा मुख्यतः चित्ररूपात मिळतो. २००२ मध्ये आलेल्या डब्ल्यूएफएस मानकाने रस्ता, विहीर, गावाची सीमा अशा घटकांच्या प्रत्यक्ष नोंदी भौमितिक आकारासह देण्याची सोय केली. एकाने पाहण्याची मुभा दिली, तर दुसऱ्याने तपासण्याची.

हा भेद केवळ तांत्रिक नाही. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीमध्ये भूकंप झाला, तेव्हा जगभरातील स्वयंसेवकांनी उपग्रह-चित्रांवरून 'ओपनस्ट्रीटमॅप'मध्ये पोर्तोप्रेन्सचे रस्ते रेखाटले. ही विदा उतरवून घेण्यास मुक्त असल्यामुळे बचाव पथकांना ती हातातील जीपीएस उपकरणांत भरून वापरता आली. केवळ पडद्यावर दिसणारा नकाशा अशा प्रसंगी तोकडा पडला असता.

भारतीय संदर्भ :
भारतात नकाशांवर दीर्घकाळ निर्बंध होते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षण मालिका व मुक्त मालिका असे दोन भाग केले. २००९ मध्ये इस्रोचे 'भुवन' संकेतस्थळ सुरू झाले, २०१२ मध्ये शासकीय विदा खुली करण्याचे राष्ट्रीय धोरण आले आणि फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय संस्थांसाठी पूर्वपरवानगीची अट बहुतांशी दूर केली.

तथापि धोरण खुले झाले म्हणून निर्यात निर्दोष होतेच असे नाही. बहुप्रचलित शेपफाइल स्वरूपात रकान्याच्या नावाला १० बाइटांचीच मर्यादा आहे. यूटीएफ-८ संकेतप्रणालीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट व्यापते. म्हणजे 'लोकसंख्या' या शब्दास २७ बाइट लागतात आणि तो मध्येच तुटतो. जिओजेसन या स्वरूपात रेखांश आधी व अक्षांश नंतर लिहावा लागतो. हा क्रम उलटला तर पुणे शहर नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात जाऊन पडते. म्हणून निर्यातीसोबत रकान्यांचा अर्थ, विदेचा दिनांक, स्रोत व निर्देशांक-पद्धती यांची माहिती देणे अगत्याचे आहे.

दुसरी मर्यादा नैतिक स्वरूपाची आहे. रुग्णाच्या घराचा ठिपका उतरवून घेता आला, तर त्याचे खासगीपण धोक्यात येते. अशा ठिकाणी गाव किंवा प्रभाग पातळीवरील एकत्रित अहवाल देणेच उचित ठरते.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसते की, अहवाल व निर्यात या नकाशाला मागाहून जोडलेल्या शोभेच्या सोयी नाहीत. त्यांच्यामुळे नकाशा पडताळणीस पात्र ठरतो. ज्या नकाशामागील नोंदी वाचकाला मिळत नाहीत, त्याचा निष्कर्ष केवळ विश्वासाने स्वीकारावा लागतो. आणि संशोधनात विश्वास हा पुराव्याचा पर्याय होऊ शकत नाही. आपल्या महाविद्यालयांत भूगोल, इतिहास वा समाजशास्त्राचे प्रकल्प महाजालीय नकाशांच्या रूपाने सादर करताना, नकाशाबरोबर त्याची विदाही अभ्यासकांच्या स्वाधीन करणे हा विद्याव्यवहाराचा भाग मानला गेला पाहिजे.