यंत्र तेच, पंचांग वेगळे : व्हेंडिंग मशिनच्या व्यवसायातील मंदीचे महिने

प्रतिनिधी

मुंबईच्या उपनगरी स्थानकांवर एके काळी वजनाचे यंत्र हमखास दिसे. रंगीत दिव्यांची उघडझाप, काचेमागे फिरणारी चकती आणि नाणे टाकताच खाली पडणारे जाड पुठ्ठ्याचे तिकीट. तिकिटाच्या एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. लोकलची वाट पाहणाऱ्या प्रवाशाला वजन करून घेण्याची गरज क्वचितच असे. पण त्याच्या खिशात नाणे होते आणि हाताशी पाच मिनिटे रिकामी होती. दुकानदार नसलेल्या या दुकानाचे सारे मर्म त्या पाच मिनिटांत आहे. यंत्राला हाक मारून गिऱ्हाईक आणता येत नाही. गिऱ्हाईक जिथे थांबते, तिथे यंत्राने जाऊन उभे राहावे लागते.

हीच कल्पना आज चहा-कॉफीच्या यंत्रांच्या रूपाने कार्यालये, कारखाने, रुग्णालये आणि महाविद्यालयांत पोहोचली आहे. दुकानाचे भाडे नाही, दिवसभर गल्ल्यावर बसणे नाही, म्हणून नोकरी सांभाळून किंवा निवृत्तीनंतर हाती आलेली पुंजी घालून अनेक जण या व्यवसायात उतरतात. पहिले काही महिने बरे जातात. मग मे महिना उजाडतो. महाविद्यालये बंद, निम्मे कर्मचारी गावी आणि उकाड्यामुळे गरम चहाकडे पाठ. खप निम्म्यावर येतो. कर्जाचा हप्ता मात्र पूर्ण द्यावा लागतो. अशा वेळी कोणी घाबरून यंत्रे पडत्या भावाने विकून टाकतो, तर कोणी तूट भरून काढण्यासाठी आणखी दोन यंत्रे घेतो. बहुधा दोन्ही निर्णय चुकतात. मंदीचा काळ यंत्रे वाढविण्याचा नसून जागा सुधारण्याचा असतो, हे ध्यानात घेतले तर याच महिन्यांत व्यवसायाची खरी वाढ साधता येते.

पूर्वपीठिका

नाणे टाकून वस्तू मिळविण्याची कल्पना प्राचीन आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रिया येथील हेरॉन याने मंदिरातील पवित्र जल देणाऱ्या अशा यंत्राचे वर्णन करून ठेवले आहे. आधुनिक काळात १८८० च्या दशकात लंडनमध्ये पोस्टकार्डे विकणारी यंत्रे आली, तर १८८८ मध्ये न्यूयॉर्कच्या रेल्वे फलाटांवर च्युइंगमची यंत्रे बसविण्यात आली. या व्यवसायाचे सर्वांत प्रगत रूप जपानमध्ये पाहावयास मिळते. तेथील बहुतेक पेययंत्रे हिवाळ्यात गरम आणि उन्हाळ्यात थंड डबे विकतात. यंत्र तेच, जागा तीच. ऋतू बदलला की माल बदलतो. जपानमधील यंत्रांची संख्या २००० च्या सुमारास ५६ लाखांच्या घरात होती. २०२३ अखेर ती ४० लाखांच्या खाली आली. कमी खपाच्या जागेवरून यंत्र उचलणे हा तेथे व्यवसायाचाच एक भाग मानला जातो. आपल्याकडील छोट्या व्यावसायिकाने हा धडा अवश्य घ्यावा.

व्यवसायाचे प्रकार

आपल्याकडे हा व्यवसाय मुख्यत्वे तीन प्रकारे चालतो. पहिल्या प्रकारात यंत्र विनामूल्य बसविले जाते आणि कार्यालयाने दरमहा ठराविक प्रमाणात चहा-कॉफीची तयार भुकटी, म्हणजेच प्रीमिक्स, विकत घेण्याचे बंधन असते. दुसऱ्या प्रकारात यंत्राचे मासिक भाडे आकारले जाते. तिसऱ्या प्रकारात प्रत्येक कपाचे पैसे गिऱ्हाईक स्वतः देते आणि जागेच्या मालकाला भाडे किंवा विक्रीतील हिस्सा मिळतो. मंदीचा फटका सर्वाधिक बसतो तो या तिसऱ्या प्रकाराला.

बिस्किटे, वेफर्स, बाटलीबंद पेये विकणाऱ्या यंत्रांचे गणित निराळे आहे. वेष्टनबंद मालावर छापलेल्या कमाल किमतीपेक्षा अधिक पैसे घेता येत नाहीत. त्यामुळे विक्रेत्याची मिळकत घाऊक आणि छापील किमतीतील फरकापुरतीच राहते. चहाच्या कपाची किंमत मात्र जागा पाहून ठरविता येते. म्हणूनच छोटे व्यावसायिक चहा-कॉफीकडे वळतात.

हिशेब कपांचा, यंत्रांचा नव्हे

‘माझ्याकडे आठ यंत्रे आहेत’ या वाक्यातून व्यवसायाची प्रकृती कळत नाही. प्रत्येक यंत्रातून रोज किती कप जातात, हा खरा प्रश्न आहे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, हप्ता, फेऱ्यांचा खर्च आणि देखभाल धरून एका यंत्राचा मासिक स्थिर खर्च ३,००० रुपये आहे. भुकटी, कागदी पेला आणि जागेच्या मालकाचा हिस्सा वजा जाता एका कपामागे ४ रुपये उरतात. म्हणजे महिन्याला ७५० कप गेले, तरच ते यंत्र स्वतःचा खर्च भागविते. २५ दिवस धरल्यास हा आकडा रोजचे ३० कप इतका होतो.

आता आठपैकी पाच यंत्रे कार्यालयांत, दोन महाविद्यालयांत आणि एक रुग्णालयात आहे, असे धरू. एरवी कार्यालयात रोज ४५, महाविद्यालयात ६० आणि महिनाभर अखंड चालणाऱ्या रुग्णालयात ४० कप जातात. या हिशेबाने महिन्याला १५,३०० रुपये सुटतात. मे महिन्यात कार्यालयांतील खप २८ वर आणि महाविद्यालयांतील ५ वर आला, तर रुग्णालयातील नफा जमेस धरूनही ४,२०० रुपयांची तूट येते. ही तूट बारकाईने पाहिली, तर पाच कार्यालयांचा मिळून तोटा अवघा १,००० रुपये आहे; महाविद्यालयांतील दोनच यंत्रे ५,००० रुपये खातात. दुखणे सगळ्या अंगाला नाही, एका जागी आहे.

हीच दोन यंत्रे उन्हाळ्यापुरती एखाद्या अभ्यासिकेत हलविली आणि तेथे रोज ३५ कप गेले, तर वाहतुकीचे १,५०० रुपये वजा करूनही मे महिना १,७०० रुपयांच्या नफ्यात जातो. परत नेण्याचा खर्च जूनच्या खात्यात धरावा. एकही नवे यंत्र न घेता तुटीचा महिना नफ्यात आला, तो केवळ वहीत कपांची नोंद असल्यामुळे. अनेक नव्या यंत्रांत ही नोंद आपोआप होते आणि मोबाइलवर पाहता येते. जुन्या यंत्रांसाठी मोजणीचा आकडा दर फेरीला लिहून ठेवण्याची सवय पुरेशी आहे.

प्रत्येक जागेचे पंचांग निराळे

‘सध्या मंदी आहे’ असे आपण सरसकट म्हणतो. पण मंदी सगळीकडे एकाच वेळी येत नाही. महाविद्यालय मे महिन्यात आणि दिवाळीत ओस पडते. पुण्याच्या सदाशिव पेठ, नवी पेठ परिसरातील स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत मात्र सुटीतही विद्यार्थी असतात. करसल्लागारांच्या कार्यालयात विवरणपत्रांच्या मुदतीआधी रात्री उशिरापर्यंत दिवे जळतात. मंगल कार्यालयांचा हंगाम चातुर्मासात थंडावतो आणि तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा सुरू होतो. रुग्णालयाला सुटी नसते. उलट पावसाळ्यात डेंग्यू, मलेरियाच्या साथींमुळे तेथील वर्दळ वाढते. औद्योगिक वसाहतींत पाळ्या चालतात आणि रात्रपाळीच्या कामगाराला चहाची टपरी उघडी सापडतेच असे नाही. पिंपरी-चिंचवडमधील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते, तर कार्यालये शनिवार-रविवार बंद असतात.

करोनाच्या साथीने हा मुद्दा कठोरपणे शिकविला. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागू झाली आणि कार्यालयांतील यंत्रे एका दिवसात थांबली. ज्यांची सर्व यंत्रे माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांतच होती, त्यांच्याजवळ हलविण्यासारखी जागाच उरली नाही. पुढे कार्यालये उघडली, तरी घरून काम करण्याची पद्धत अंशतः टिकून राहिली. साऱ्या यंत्रांचे पंचांग एकच असणे धोक्याचे आहे, हा त्याचा इत्यर्थ. तेव्हा शांत महिन्यांत आपल्या प्रत्येक जागेपुढे बारा महिन्यांचे रकाने आखावेत, भरतीचे आणि ओहोटीचे महिने खुणावावेत आणि नवी जागा शोधताना रिकाम्या रकान्यांत बसणारी जागा निवडावी.

जागा बदलण्याआधी

यंत्र उचलण्याची घाई मात्र करू नये. एखाद्या जागेवर खप कमी असेल तर आधी कारण शोधावे. यंत्र जिन्याखाली कोपऱ्यात असेल, तर ते उद्‌वाहनाजवळ आणल्याने फरक पडू शकतो. समोरच्या टपरीवरचे कटिंग स्वस्त आणि चवीला सरस असेल, तर चव आणि किंमत यांचा विचार करावा लागेल. २०१६ पासून रुळलेल्या यूपीआय व्यवहारांमुळे सुट्या पैशांची अडचण दूर झाली. परंतु यंत्रावर ती सोय नसेल किंवा तेथे मोबाइलची रेंज नसेल, तर गिऱ्हाईक परत जाते. पावसाळ्यात टोमॅटो सूप, उन्हाळ्यात लेमन टी असा एखादा पर्याय भरून पाहावा. चार आठवडे सुधारणा करूनही कप वाढले नाहीत, तर जागा बदलावी. नव्या जागेशी आधी दोन महिन्यांचा प्रायोगिक करार करावा.

सामानाची वाहतूक हा दुर्लक्षित खर्च आहे. अंधेरीत एक, वाशीत एक आणि डोंबिवलीत एक अशी विखुरलेली यंत्रे वेळ आणि पेट्रोल दोन्ही गिळतात. एकाच रस्त्यावर किंवा एकाच औद्योगिक वसाहतीत तीन यंत्रे असली, की एका फेरीत भरणा आणि सफाई होते.

देखभालीचा हंगाम

गर्दीच्या महिन्यांत यंत्र बंद ठेवणे परवडत नाही. म्हणून मोठी दुरुस्ती शांत महिन्यांतच उरकावी. कठीण पाण्यामुळे बॉयलरमध्ये क्षारांचा थर साचतो, पाणी तापण्यास वेळ लागतो आणि वीज अधिक जळते. हा थर काढून घ्यावा. पावसाळी दमटपणात भुकटीच्या गुठळ्या होऊन नळ्या तुंबतात. त्यासाठी डबे कोरडे ठेवणे आणि झाकणे घट्ट बसविणे आवश्यक आहे. दिवाळीसारख्या दीर्घ सुटीआधी डबे पूर्ण रिकामे करून यंत्र धुऊन ठेवावे. दूधभुकटी आणि साखर यांमुळे मुंग्या-झुरळे येतात आणि सुटीनंतरच्या पहिल्या कपातच गिऱ्हाईक कायमचे तुटते. भुकटीची पाकिटे मुदतीच्या क्रमाने वापरावीत. मंदीत घाऊक सवलतीच्या मोहाने मोठा साठा करणे म्हणजे मुदत संपलेला माल विकत घेण्यासारखे आहे.

करार आणि भांडवल

जागेच्या मालकाशी बोलणी करावयाची ती याच काळात. ठराविक भाड्याऐवजी विक्रीच्या प्रमाणात हिस्सा ठरविल्यास मंदीचा भार दोघांत वाटला जातो. त्या बदल्यात कराराची मुदत वाढवून देता येते. ज्या संस्था महिनाअखेरीस बिल देतात, त्यांच्याकडील थकबाकी मे महिन्यापूर्वी वसूल करावी. यंत्र हलविण्याची मुभा, विजेचे बिल कोणी भरावयाचे आणि नादुरुस्त यंत्र किती दिवसांत सुरू करावयाचे, हे मुद्दे लेखी असावेत.

नवे यंत्र घ्यावयाचे झाल्यास आधी जागा, मग यंत्र, हा क्रम सोडू नये. यंत्र विकणारे ‘घरबसल्या उत्पन्ना’चे आकडे दाखवितात; त्यांत मे महिना नसतो. वापरलेली यंत्रे मंदीत स्वस्त मिळतात, हे खरे. मात्र बॉयलर, मोटर, विद्युत-पटल आणि सुट्या भागांची उपलब्धता पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये. कर्ज हवे असल्यास २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेतील ‘शिशु’ गटात ५० हजारांपर्यंत आणि ‘किशोर’ गटात ५ लाखांपर्यंत कर्जाची तरतूद आहे. हप्ता ठरविताना मात्र डिसेंबरचा नव्हे, मे महिन्याचा गल्ला डोळ्यांसमोर ठेवावा. चांगल्या महिन्यांतील नफ्याचा काही भाग बाजूला ठेवून दोन महिन्यांच्या हप्त्यांइतकी गंगाजळी उभारणे, हा सर्वांत स्वस्त विमा होय.

नियमांचे भान

खाद्यपेयांची विक्री असल्याने अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ लागू होतो. उलाढालीनुसार नोंदणी किंवा परवाना घेऊन त्याचा क्रमांक दर्शनी भागी लावावा. वस्तू व सेवा कराच्या नोंदणीबाबत उलाढालीची मर्यादा सनदी लेखापालाकडून तपासून घ्यावी. प्लास्टिकचे पेले आणि ढवळण्याच्या काड्या यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. हे सारे कागदपत्रांचे काम फावल्या महिन्यांत पूर्ण केले, तर मोठ्या रुग्णालयांची आणि कारखान्यांची दारे उघडतात. कारण अशा संस्था प्रथम कागद मागतात आणि मग चव पाहतात.

जूनमध्ये पहिला पाऊस येतो, महाविद्यालये भरतात आणि चहाच्या कपाभोवती पुन्हा हात गोळा होतात. त्या दिवशी सगळ्यांचीच यंत्रे चालतात. कोणाचा व्यवसाय पुढील मे महिन्यातही टिकेल, हे मात्र त्याआधीच्या रिकाम्या दुपारी वही घेऊन कोण बसले होते, यावरून ठरते.