मुकी नाडी

मी भूलतज्ज्ञ म्हणून उमेदवारी करत होतो तेव्हा भूल किती गाढ आहे हे आम्ही नाडी, रक्तदाब, कपाळावरचा घाम आणि डोळ्यातली बाहुली यांवरून ओळखायचो. हृदयशस्त्रक्रियेत मात्र या सगळ्या खुणा मुक्या होतात. हृदय थांबवून रक्त यंत्रातून फिरवतात, अंग गार करतात. नाडीच उरत नाही. स्नायू शिथिल केलेला माणूस आतून जागा झाला, तरी बोटही हलवू शकत नाही. ही धास्ती माझ्यासोबत घरी यायची.

मेंदूच्या लहरी वाचून यंत्रानेच भुलीचं औषध सोडावं, हा विचार जुना. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या रेजिनाल्ड बिकफर्ड यांनी तो १९५० च्या सुमारास प्रत्यक्षात आणून दाखवला. हाताशी ठेवता येईल असा आकडा पुढे १९९० च्या दशकात बीआयएसने (बायस्पेक्ट्रल इंडेक्स, मेंदूच्या लहरींवरून काढलेला भुलीचा निर्देशांक) दिला: पूर्ण जागा माणूस १०० जवळ, लहरी शांत झाल्या की ०, शस्त्रक्रियेत ४० ते ६०.

चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेत डॉ. गोवर्धन दत्त पुरी यांनी हाच आकडा संगणकाला जोडला. त्याप्रमाणे प्रोपोफॉल या भुलीच्या औषधाचा सिरिंज पंप वेग कमीजास्त करू लागला. हृदयशस्त्रक्रियेतली तुलना २००९ मध्ये छापून आली. हाताने दिलेल्या भुलीपेक्षा यंत्राने आकडा लक्ष्याजवळ जास्त वेळ राखला होता. तो निबंध मी रात्री दोनदा वाचला. आपल्याच देशात, आपल्याच रुग्णांवर झालेलं हे काम! सकाळी विद्यार्थ्यांना दाखवलं, आणि तरीही रुग्णाच्या कपाळावर हात ठेवायला सांगितलं.