दगडावर कोणाचं नाव

पहिलं महायुद्ध 1914 मध्ये पेटलं तेव्हा फेबियन वेअर पंचेचाळिशीचे होते. सैन्यात घेईनात, म्हणून ते रेडक्रॉसचं एक पथक घेऊन फ्रान्सला गेले. जखमींना हुडकताना त्यांच्या लक्षात आलं, की मेलेल्यांना कुठे पुरलं याची नोंद कोणीच नीट ठेवत नाही. ती त्यांनी ठेवायला घेतली. या खटाटोपातूनच 21 मे 1917 रोजी शाही सनदेने इंपीरियल वॉर ग्रेव्हज कमिशन उभं राहिलं. 1960 मध्ये नावात ‘इंपीरियल’च्या जागी ‘कॉमनवेल्थ’ आलं. आज जगभरातल्या सुमारे 17 लाख मृतांची स्मृती हा आयोग सांभाळतो.

नियम साधे होते. देह मायदेशी न्यायचा नाही, जनरल असो वा शिपाई, दगड एकाच मापाचा आणि धर्म-वंशाचा भेद नाही. इंग्लंडातल्या बड्या घरांना हे रुचलं नाही. मे 1920 मध्ये पार्लमेंटात वाद झाला, तरी आयोग हटला नाही. शिलालेखांच्या मजकुराचं काम रुडयार्ड किपलिंगकडे होतं. त्यांचा मुलगा 1915 मध्ये लूसच्या लढाईत बेपत्ता झाला होता.

पुणेकरांना हा आयोग ठाऊक आहे तो खडकीमुळे. तिथल्या दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातल्या 1,600 हून अधिक कबरी आहेत. 11 नोव्हेंबरच्या सुमाराला तिथे पुष्पचक्रं वाहिली जातात.

पण मराठी माणसाने खरं तर इराकमधल्या बसऱ्याकडे बघायला हवं. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, लढलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. कूतच्या वेढ्यात उपासमार सोसून ही फौज 29 एप्रिल 1916 रोजी शरण गेली आणि पुढे कैदेत कितीतरी जण दगावले. आयोगाने 1929 मध्ये बसऱ्याला स्मारक उभारलं, त्यावर 40,000 हून अधिक मृतांची स्मृती आहे. ब्रिटिश शिपायांची नावं कोरली. हिंदी फौजेतल्या मात्र फक्त अधिकाऱ्यांची. बाकीच्यांसाठी पलटणीचं नाव आणि मेलेल्यांचा आकडा! सनदेच्या शाईला तेव्हा जेमतेम बारा वर्षं झाली होती. फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेलला 1927 मध्येच 4,700 हून अधिक हिंदी मृतांची नावं कोरली गेली होती, तेव्हा काम अवघड होतं ही सबब इथे चालणार नाही. युरोपच्या नजरेसमोर एक न्याय, वाळवंटात दुसरा.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत हे बदललं. जुलै 1944 मध्ये इटलीत पडलेले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले नाईक यशवंत घाडगे यांचं नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. माणगावला त्यांचा पुतळाही आहे.

जुन्या हिशेबाला आयोगाने हात घातला तो थेट एप्रिल 2021 मध्ये. त्याच्याच अहवालाने मान्य केलं, की 45,000 ते 54,000 मृतांची दखल असमान घेतली गेली, आणि किमान 1,16,000 जणांची नावानिशी नोंद झाली नाही किंवा मुळीच झाली नाही. यांत बहुतेक आफ्रिका, आशिया आणि मध्यपूर्वेतले. आयोगाने माफी मागितली. जानेवारी 2025 मध्ये केपटाऊनला पहिल्या महायुद्धात मेलेल्या 1,700 हून अधिक कृष्णवर्णीय मजुरांचं नावांसह स्मारक झालं.

आपल्याकडेही गावोगावी पहिल्या महायुद्धाच्या काळचे संगमरवरी फलक आहेत. या गावातून इतके गेले, इतके कामी आले, एवढंच त्यांवर लिहिलेलं. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावच्या कामी आलेल्यांचा आकडा 46 आहे. अशा फलकांमागची नावं पलटणींच्या कागदांत आणि घराघरांतल्या पदकांच्या कडांवर मिळू शकतात. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते.