एअरीचा डावा डोळा

पूर्वीं चाळिशी लागली म्हणजे मनुष्य चष्मेवाल्याकडे जाई, एकामागून एक भिंगें डोळ्यांपुढें धरून पाही आणि ज्यांतून अक्षर ठसठशीत दिसे तें पसंत करी. तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलींत चष्मा निर्माण झाला, तेव्हांपासून शतकानुशतकें हाच क्रम चालला. भिंग उपयोगी कां पडतें याचा उलगडा केप्लरनें १६०४ सालीं केला. वस्तूची प्रतिमा डोळ्याच्या मागील पडद्यावर उमटते. किरण पडद्याच्या अलीकडेच एकत्र आले तर अंतर्गोल भिंगानें ते पसरावे लागतात, पलीकडे जाऊं लागले तर बहिर्गोल भिंगानें आंत वळवावे लागतात. परंतु कारण कळलें तरी दुकानांतील चाचपणी सुटली नाहीं. तिनें बहुतेकांचें काम भागत असे.

ज्याचें भागलें नाहीं असा एक मनुष्य म्हणजे केंब्रिजचा तरुण गणिती जॉर्ज एअरी. त्याचा डावा डोळा वाचनाच्या कामीं निरुपयोगी होता आणि साधें अंतर्गोल भिंग त्यास पुरे पडेना. त्यानें कार्डास सुईनें बारीक छिद्र पाडलें व त्यांतून येणारा प्रकाशबिंदु निरनिराळ्या अंतरांवर धरून पाहिला. सहा इंचांवर बिंदूची एक रेघ झाली. साडेतीन इंचांवर तीस काटकोनांत असलेली दुसरी. यावरून त्यानें ताडलें कीं, आपला डोळा किरणांना एका दिशेनें अधिक व तिच्या आडव्या दिशेनें कमी वळवितो. तेव्हां भिंगाचें बळही दोन दिशांनीं निराळें हवें. हीं अंतरें मीटरांत मोडून एकास त्यांनीं भागिलें असतां आजच्या डायॉप्टरांत उत्तर येतें: एकीकडे सुमारें सव्वाअकरा, दुसरीकडे साडेसहा.

असें भिंग दुकानांत कोठून मिळणार? एका बाजूस गोलाकार व दुसरीस दंडगोलाकार खोलवा असलेलें भिंग त्यानें इप्स्विचच्या फुलर नांवाच्या कारागिराकडून करवून घेतलें, आणि तो डोळा वाचूं लागला. १८२५ सालीं त्यानें ही हकीकत केंब्रिजच्या फिलॉसॉफिकल सोसायटीपुढें मांडली.

टॉमस यंगला हाच दोष १८०१ सालीं स्वतःच्या डोळ्यांत आढळला होता. पण त्यास त्याची अडचण भासली नाहीं. एअरीची अडचण मोठी आणि गणित अवगत, असा योग जुळला. मग ज्यांस गणित येत नव्हतें त्यांचें काय? हा दोष विरळा नाहीं, हें हॉलंडच्या डॉन्डर्सनें १८६४ च्या आपल्या ग्रंथांत विस्तारानें दाखविलें. त्याच सुमारास दंडगोल भिंगें सामान्य रोग्यांपर्यंत पोहोंचूं लागलीं.

वाचकांनीं आपली चष्म्याची चिठ्ठी काढून पाहावी. गोल, दंडगोल आणि अक्ष असे तीन आंकडे तींत अनेकांस आढळतील. त्या अक्षापासून भिंग चौकटींत जरा फिरलें तरी दृष्टि बिघडते. हे शेवटचे दोन आंकडे चाचपणीची देणगी नव्हेत. आपल्या अधू डोळ्यास दिसत नाहीं एवढेंच म्हणून न थांबतां, त्यास नेमकें काय दिसतें हें एकानें विचारलें, त्याचें तें फळ होय.