दस्तऐवजांतील घराणे : नेव्हिस बेटावरील पिनी कुटुंबाच्या जमीन व मृत्युपत्रविषयक नोंदींचा चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

घराण्याचा इतिहास हा आपल्याकडे दीर्घकाळ वंशावळी, कैफियती आणि कुलवृत्तान्त यांच्या आधारे लिहिला गेला. युरोपीय वसाहतींतील मळेमालक घराण्यांचा इतिहास मात्र प्रामुख्याने निराळ्या साधनांतून उलगडतो. खरेदीखते, गहाणखते, विवाहकरार, मृत्युपत्रे आणि प्रोबेट न्यायालयाच्या नोंदवह्या ही ती साधने होत. या साधनांचा हेतू इतिहास सांगणे हा नव्हता, तर मालमत्तेवरील हक्क निर्विवाद करणे हा होता. अशा साधनांतून घराण्याचे कोणते रूप समोर येते आणि त्या मालमत्तेत ज्यांची गणना झाली त्या गुलाम स्त्री-पुरुषांविषयी ती काय सांगतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी वेस्ट इंडिजमधील नेव्हिस बेट आणि इंग्लंडमधील डॉर्सेट व ब्रिस्टल यांच्याशी संबंधित पिनी घराण्याचे उदाहरण निवडले आहे. या घराण्याची कागदपत्रे ब्रिस्टल विद्यापीठाच्या ग्रंथालयात जतन केलेली आहेत. रिचर्ड पेअर्स यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथामुळे हे घराणे आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित झाले.

साधनांचे स्वरूप

नेव्हिस हे कॅरिबियन समुद्रातील सुमारे ९३ चौरस किलोमीटरचे लहानसे बेट असून तेथे १६२८ पासून इंग्रजांची वसाहत होती. बेटावरील जमिनीचे व्यवहार स्थानिक सचिवाच्या दफ्तरात नोंदवले जात. मळेमालकाची मालमत्ता इंग्लंडमध्येही असल्यास त्याचे मृत्युपत्र बहुधा कँटरबरीच्या आर्चबिशपच्या प्रोबेट न्यायालयात सिद्ध करावे लागे. १८५८ च्या जानेवारीत हा अधिकार धर्मपीठाच्या न्यायालयांकडून काढून दिवाणी स्वरूपाच्या न्यायालयाकडे देण्यात आला. त्यामुळे एकाच माणसाचा माग अटलांटिकच्या दोन्ही तीरांवरील दफ्तरांत घ्यावा लागतो.

येथे एका कायदेशीर बाबीकडे लक्ष देणे आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत इंग्लंडमधील प्रोबेट नोंदीत दाखवलेली रक्कम ही सामान्यतः जंगम मालमत्तेपुरती असे. स्थावराची किंमत तीत धरली जात नसे. वसाहतींत गुलामांचे कायदेशीर स्थान संदिग्ध होते. बार्बाडोसने १६६८ च्या कायद्याने त्यांना स्थावर मालमत्ता ठरवले होते. म्हणजे माणूस जमिनीबरोबर वारसाकडे जाई; परंतु कर्जाची वसुली करताना त्यालाच गुराढोरांप्रमाणे वेगळे काढून विकता येई. म्हणून केवळ प्रोबेटच्या आकड्यावरून एखाद्या मळेमालकाच्या संपत्तीचा अंदाज बांधणे धोक्याचे ठरते. तो आकडा जमिनीच्या दस्तांशी व हिशेबवह्यांशी ताडून पाहणे अगत्याचे आहे.

हद्दपारीपासून वारशापर्यंत

पिनी घराण्याचा वसाहतीतील आरंभ एका राजद्रोहाच्या शिक्षेतून झाला. डॉर्सेटमधील बेटिसकोम्ब येथील एका धर्मोपदेशकाचा मुलगा अझरायाह पिनी हा १६८५ च्या मन्मथ बंडात सामील झाला होता. त्याला झालेली देहान्ताची शिक्षा कुटुंबाने पैसे भरल्यानंतर हद्दपारीत बदलली आणि तो नेव्हिसवर आला. बहिणींच्या व्यवसायातील लेस विकणे, इतरांचे हिशेब व येणी सांभाळणे अशा उद्योगांतून त्याने भांडवल उभे केले. पुढे तो जमिनीचा व गुलामांचा मालक झाला. शासनाने ज्याचे स्वातंत्र्य हिरावले तोच माणूस काही वर्षांत इतरांच्या दास्यावर आपली प्रतिष्ठा उभारतो, ही बाब नैतिकदृष्ट्या विसंगत वाटली तरी त्या काळच्या दस्तांत तिची कोठेही दखल नाही. दस्त केवळ मालकी नोंदवतो.

अझरायाहचा मुलगा जॉन याने मेरी हेल्म या वारसदार स्त्रीशी विवाह केला आणि त्यायोगे घराण्याची जमीन वाढली. जमीनदारीच्या विस्तारात स्त्रियांचे स्थान किती निर्णायक होते, हे अशा विवाहकरारांवरून ध्यानात येते. वंशावळीत तिचे नाव एका ओळीपुरते येते. दस्तांत मात्र तिच्या माहेरची जमीन पुढील पिढ्यांच्या व्यवहारांचा पाया ठरते. तिचा मुलगा जॉन फ्रेडरिक पिनी पुढे ब्रिडपोर्टचा पार्लमेंट-सदस्य झाला. तो अविवाहित राहिला आणि १७६२ मध्ये निधन पावला. त्याने आपली मालमत्ता जॉन प्रेटर या नातलगास दिली व त्या तरुणाने पिनी हे आडनाव धारण केले.

दत्तकविधानाच्या परंपरेशी परिचित असलेल्या मराठी वाचकास या घटनेचा अर्थ सहज कळेल. वतन टिकावे म्हणून आपल्याकडे दत्तक घेतला जाई. तेथे मृत्युपत्राच्या आधारे वारस आणि त्याच्यासोबत आडनावही चालत राही. दोन्ही ठिकाणी घराण्याचे सातत्य रक्तापेक्षा मालमत्तेने अधिक निश्चित केले. पिनी घराण्यातील सर्वांत प्रसिद्ध पुरुष जन्माने पिनी नव्हता, ही गोष्ट मृत्युपत्र वाचल्यावाचून समजत नाही.

कर्ज, अडत आणि गहाणखत

जॉन प्रेटर पिनी १७६४ च्या अखेरीस नेव्हिसवर पोहोचला. मिळालेला वारसा अव्यवस्थित आणि कर्जाने ग्रासलेला होता. त्याने मळ्यांची घडी बसवली, १७७२ मध्ये जेन वीक्स हिच्याशी विवाह केला आणि १७८३ मध्ये तो इंग्लंडला परतला. पुढील वर्षी त्याने जेम्स टोबिन याच्या भागीदारीत ब्रिस्टल येथे साखरेची अडत सुरू केली. मळेमालक अडत्या झाला, हा या घराण्याच्या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा होय.

साखर कमी पिकली, चक्रीवादळ आले किंवा भाव पडले तर मळेमालकाचे नुकसान होई. अडत्याला मात्र विक्रीवरील अडत, पुरवलेल्या मालावरील नफा आणि उचल रकमेवरील व्याज मिळत राही. उचल फिटली नाही तर तिचे गहाणखतात रूपांतर होई. ब्रिटिश पार्लमेंटने १७३२ मध्ये केलेल्या कायद्याने अमेरिकेतील वसाहतींतील जमिनी, घरे आणि गुलाम यांना कर्जफेडीसाठी जबाबदार धरले होते. लंडन वा ब्रिस्टल येथील सावकाराला त्यामुळे निर्धास्तपणे कर्ज देता आले. गुलामांच्या जप्तीविषयीची तरतूद १७९७ मध्ये मागे घेण्यात आली. तोवर या व्यवस्थेने असंख्य माणसांना धन्याच्या कर्जापायी विक्रीस काढले होते. गहाणखतास जोडलेल्या यादीत गुलामांची नावे का असतात, याचे उत्तर या कायद्यात आहे. त्या यादीतील नाव हे तारण होते.

ही संपत्ती इंग्लंडमध्ये वेगवेगळ्या रूपांत स्थिरावली. ब्रिस्टलमधील ग्रेट जॉर्ज स्ट्रीटवर पिनीने बांधलेले घर आज संग्रहालय आहे. डॉर्सेटमधील रेसडाउन हे घर पिनीच्या मुलांनी १७९५ मध्ये कवी वर्ड्‌स्वर्थ यांना भाड्याशिवाय राहण्यास दिले होते. इंग्रजी स्वच्छंदतावादी काव्याच्या या सुपरिचित निवासस्थानाची मालकी शोधू गेल्यास माग नेव्हिसच्या ऊसमळ्यापर्यंत जातो. पेअर्स यांच्या हिशेबाप्रमाणे १८१८ मध्ये मृत्यूसमयी जॉन प्रेटर पिनीची संपत्ती सुमारे ३,४०,००० पौंड होती.

यादीतील माणसे

मृत्युपत्रे व गहाणखते यांना जोडलेल्या याद्यांत गुलामांची नोंद नाव, क्वचित वय, काम आणि किंमत अशा रकान्यांत होते. एकटी यादी फारसे सांगत नाही. परंतु एकाच मळ्याच्या वेगवेगळ्या वर्षांच्या याद्या एकत्र मांडल्या तर एक नाव केव्हा प्रथम दिसते, त्याचे काम कधी बदलते, किंमत कधी घसरते आणि नाव कधी नाहीसे होते हे समजू लागते. क्रिस्टीन आयकेलमन आणि डेव्हिड स्मॉल या अभ्यासकांनी पिनींच्या माउंटट्रॅव्हर्स या मळ्याबाबत अशाच पद्धतीने काम करून तेथील शेकडो व्यक्तींचे चरित्रतपशील जुळवले आहेत.

या संशोधनातून ‘पेरो’ या व्यक्तीचे चरित्र स्पष्ट झाले. पिनीने १७६५ मध्ये बारा वर्षांच्या पेरोला त्याच्या नॅन्सी आणि शीबा या दोन लहान बहिणींसह विकत घेतले. तो पुढे पिनीचा खासगी सेवक झाला, १७८३ मध्ये धन्याबरोबर ब्रिस्टलला गेला आणि १७९८ मध्ये मरण पावला. तीन दशकांहून अधिक काळ सेवा करूनही त्याला मुक्त करण्यात आले नाही. ब्रिस्टल बंदरातील पादचारी पुलाला १९९९ मध्ये त्याचे नाव देण्यात आले. फॅनी कोकर या स्त्रीची नोंद वेगळी आहे. १७६७ मध्ये मळ्यावर जन्मलेल्या, शिवणकाम शिकलेल्या फॅनीला १७७८ मध्ये दास्यमुक्ती मिळाली. ब्रिस्टलमध्ये ती बाप्तिस्ट मंडळीची सदस्य झाली व १८२० मध्ये तिचे निधन झाले. तिची आई नेव्हिसवरच राहिली. दास्यमुक्तीचा एक दस्त मुलीला स्वातंत्र्य देतो, आणि त्यात आईचे नाव नसणे हीदेखील एक नोंदच ठरते.

पेशवे दफ्तरातील कुणबिणींच्या खरेदीविषयीचे कागद हाताळलेल्या अभ्यासकांना ही अडचण नवी नाही. तेथेही स्त्रीचे नाव व्यवहाराच्या क्षणी उजेडात येते आणि व्यवहार संपताच दिसेनासे होते.

विक्री आणि नुकसानभरपाई

पिनीने १८०७-०८ मध्ये माउंटट्रॅव्हर्स हा मळा एडवर्ड हगिन्स यास विकला. हस्तांतरणाच्या दस्तात जमीन, इमारती, गुरे आणि माणसे एकाच व्यवहारात नव्या धन्याकडे गेली. पुढे काय झाले ते जमिनीच्या दफ्तरात सापडत नाही. १८१० मध्ये हगिन्सने या मळ्यावरील तीसहून अधिक स्त्री-पुरुषांना चार्ल्सटाउनच्या बाजारात जाहीरपणे निर्दय फटक्यांची शिक्षा दिली. त्याच्यावर खटला झाला आणि तो निर्दोष सुटला. या प्रकरणाने इंग्लंडमध्येही खळबळ माजली. यावरून असे दिसते की खरेदीखत परिपूर्ण व निर्दोष असले तरी त्यातून सोपवलेल्या आयुष्यांचे काय झाले, याचा पुरावा न्यायालयीन आणि पार्लमेंटरी कागदांतच शोधावा लागतो.

खासगी पत्रव्यवहारही येथे उपयोगी पडतो. १८०० मध्ये टॉम वेजवूड हा गुलामगिरीविरोधी कुटुंबातील पाहुणा नेव्हिसवर येणार असता, त्याच्या देखत किंवा त्याला ऐकू जाईल अशा अंतरावर कोणत्याही गुलामास फटके मारू नयेत, अशी सूचना पिनीने आपल्या व्यवस्थापकास केली होती. दस्त जे सांगत नाही ते लपवले जात होते, याची ही कबुली समजता येईल.

नेव्हिसमध्ये १८१७ पासून गुलामांच्या नोंदवह्या ठेवण्यात आल्या. १८३३ च्या कायद्यान्वये १ ऑगस्ट १८३४ रोजी ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी संपुष्टात आली. तरी उमेदवारीच्या नावाखाली सक्तीचे श्रम १८३८ पर्यंत चालू राहिले. पार्लमेंटने भरपाईपोटी २ कोटी पौंड मंजूर केले. ही रक्कम मालकांना आणि त्यांच्या धनकोंना मिळाली. मुक्त झालेल्यांना काहीही मिळाले नाही. हक्क सिद्ध करण्यासाठी दावेदारांनी जुनी मृत्युपत्रे, विवाहकरार, वार्षिक तनख्याचे करार आणि गहाणखते आयोगापुढे मांडली. दोन-तीन पिढ्यांचे दस्त त्यामुळे एकाच प्रकरणात संकलित झाले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने २०१३ पासून या दाव्यांची माहिती सर्वांस खुली केली असून अशा घराण्यांच्या अभ्यासाचा आरंभ आज बहुधा तेथूनच होतो.

निष्कर्ष

१. मळेमालक घराणे ही केवळ रक्तसंबंधाची रचना नव्हती. मृत्युपत्र, विवाहकरार आणि गहाणखत यांनी ती घडवली व टिकवली. जॉन प्रेटरचा पिनी होणे हे याचे ठळक उदाहरण होय.

२. जमीन व प्रोबेटच्या नोंदी मृत्यू, विवाह, कर्ज आणि विक्री या प्रसंगीच बोलतात. दोन नोंदींमधील काळात घडलेल्या श्रमांचा व हिंसेचा पुरावा अन्य साधनांत शोधावा लागतो.

३. याच नोंदींमुळे गुलामांची नावे टिकली, ही त्यांची उपयुक्तता आहे. परंतु ती नावे माणसांची म्हणून नव्हे, तर मालमत्तेची म्हणून लिहिली गेली, हे भान अभ्यासकाने क्षणभरही सोडता कामा नये.

४. घराण्याची वंशावळ पूर्ण करण्यासाठी जे दस्त वाचले जातात, त्याच दस्तांतून मोडलेल्या घरांचीही वंशावळ जुळवता येते. पिनींच्या पिढ्यांचा माग पेरो, नॅन्सी आणि शीबा या भावंडांपर्यंत पोहोचला नाही, तर त्या शोधाला घराण्याचा इतिहास म्हणता येईल. समाजाचा इतिहास म्हणता येणार नाही.