अदृश्य दिव्याची अडचण

अवरक्त किरणांचा शोध विल्यम हर्शेल यांनी 1800 साली इंग्लंडमध्ये लावला. लोलकातून पडलेल्या सूर्यप्रकाशाच्या पट्ट्यात तांबड्या रंगापलीकडे डोळ्याला काहीच दिसत नव्हते, पण तिथे ठेवलेल्या तापमापकाचा पारा चढत होता. हे किरण डोळ्याला दाखवणे जमायला मात्र पुढे सव्वाशेहून अधिक वर्षे गेली.

ते साधले निर्वात नळीने. हॉलंडमधील फिलिप्स कंपनीत गिल्स होल्स्ट आणि सहकाऱ्यांनी 1934 मध्ये अशी नळी तयार केली. तिच्या एका टोकाला चांदी, ऑक्सिजन आणि सीझियम यांचा पातळ थर असे. त्यावर अवरक्त किरण पडले की इलेक्ट्रॉन सुटत, हजारो व्होल्टच्या दाबाने दुसऱ्या टोकाच्या पडद्यावर आदळत आणि समोरचे दृश्य त्या पडद्यावर उमटे.

या थराला तांबड्या रंगालगतचेच अवरक्त किरण कळत. माणसाच्या अंगातून निघणारे किरण 10 मायक्रॉनच्या आसपासचे, म्हणजे त्याच्या आवाक्याबाहेरचे. म्हणून अंधारात पाहायचे तर अवरक्त किरण फेकणारा दिवा सोबत न्यावा लागे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मनांनी काढलेल्या ‘व्हँपिर’चा थाट पाहण्यासारखा होता: रायफलीवर दुर्बीण, दुर्बिणीच्या वर गडद काच लावलेला दिवा आणि शिपायाच्या पाठीवर तेराएक किलोची बॅटरी. एवढे ओझे वाहून दिसे ते शंभरेक मीटरपर्यंत. अमेरिकी सैन्याने 1945 मध्ये ओकिनावात वापरलेली ‘स्नायपरस्कोप’ याच जातीची होती.

खरी गोम वजनात नव्हतीच. शत्रूच्या हातीही तशीच नळी आली की हा गुप्त दिवा त्याला लख्ख दिसे आणि दिवेवालाच निशाणा ठरे. पुढे सोव्हिएत रणगाड्यांवरही असे दिवे आले, तेव्हा लपवाछपवीचा फायदा संपला.

व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने दिवाच काढून टाकला. ‘स्टारलाइट स्कोप’मध्ये तीन नळ्या एकामागे एक जोडून चांदण्याचा मंद उजेड हजारो पटींनी वाढवला जाई. काळ्याकुट्ट, ढगाळ रात्री मात्र तिचे फारसे चालत नसे.

अंगच्या उष्णतेवरून पाहण्याची वाट 1959 मध्ये ब्रिटनमध्ये तयार झालेल्या मर्क्युरी कॅडमियम टेल्युराइड या संयुगाने सुकर केली. त्याला उजेड लागत नाही, पण ते अतिथंड ठेवावे लागते. 1991 च्या आखाती युद्धात अमेरिकी रणगाड्यांनी उष्णतेवर चालणाऱ्या अशाच दुर्बिणींतून धुळीआडचे इराकी रणगाडे टिपले.

चांदण्यावर चालणाऱ्या नळ्या तरीही मागे पडल्या नाहीत. भारतीय सैन्यासाठी त्या पुण्यात बनतात. भारत इलेक्ट्रॉनिक्सने त्यासाठी 1990 मध्ये तिथे स्वतंत्र कंपनी काढली.