यवन, युनानी आणि कार्ल्याचे खांब

पुण्यात कॅम्पमधल्या आझम कॅम्पसमध्ये युनानी वैद्यकाचं कॉलेज आहे. 'युनानी' म्हणजे मुसलमानी वैद्यक, असं आपण धरून चालतो. शब्दाचा अर्थ मात्र साधा आहे: ग्रीक. आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांत पानोपानी भेटणारा 'यवन' हा याच शब्दाचा सख्खा भाऊ. दोघांचं मूळ एका ग्रीक पुराणकथेतल्या नावाशी जाऊन भिडतं.

ते नाव आयॉन. युरिपिडीसच्या नाटकात तो अपोलो देवाचा मुलगा आहे. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरचे आयोनियन ग्रीक त्याला आपला मूळपुरुष मानत. बहुधा जमातीचं नाव आधीचं आणि पूर्वज नंतर रचलेला; कुळकथा अशाच बनतात. नावाच्या जुन्या रूपात 'व' होता. ग्रीकांनी तो पुढे गाळला, शेजाऱ्यांनी जपला. इराणी सम्राटांनी सरसकट सगळ्याच ग्रीकांना हे नाव लावलं. पाणिनीकडे ते 'यवन' झालं, अशोकाच्या लेखांत 'योन'.

आता आपल्या पुणे जिल्ह्यात या. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या काही खांबांवर ब्राह्मीत लिहिलंय की हे धेनुकाकट गावच्या यवनांचं दान आहे. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, तर चिट नावाच्या यवनाने भिक्षूंसाठी भोजनमंडप. हे लेख सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. ही माणसं अस्सल ग्रीक होती की पश्चिमेकडून आलेले इतर परदेशी, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण दान देताना ते स्वतःच स्वतःला यवन म्हणवतात. त्यात शिवी नाही, लाज नाही.

पुढे ग्रीक गेले, शब्द मागे राहिला. वायव्येकडून येणाऱ्या कुणाही परक्याला तो चिकटू लागला आणि शेवटी मुसलमानांसाठी रूढ झाला. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश रचला. त्याच्या प्रस्तावनेत 'यवनवचनं' म्हणजे ग्रीक नव्हे, तर दरबारात रुळलेले फारसी-अरबी शब्द. व्हेरिएबलचं नाव तेच, व्हॅल्यू पार बदललेली!

गंमत अशी की आयॉनचं नाव मराठीत दुसऱ्यांदा आलं ते याच वाटेने. अरबी-फारसीत ग्रीस म्हणजे 'यूनान'. बगदादमध्ये हिपोक्रेटिस आणि गॅलेन यांचे ग्रंथ अरबीत आले, इब्न सीनासारख्यांनी त्यात भर घातली, आणि ते वैद्यक हिंदुस्थानात 'युनानी' म्हणून पोचलं. म्हणजे ज्यांना आपण यवन म्हणत होतो, त्यांनी मूळ यवनांचं श्रेय नावातच जपून ठेवलं.

आज 'यवन' हा शब्द एखाद्याला परकं ठरवायला सहज वापरला जातो. हरकत घ्यायची की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. पण पुढच्या वेळी एकवीरेला गेलात, तर शेजारच्या लेण्यात पाच मिनिटं थांबा आणि खांबांवरची अक्षरं शोधा. हा शब्द आपल्या मातीत कोरला गेला, तेव्हा तो देणगीदाराच्या नावाआधी लागला होता.